अर्जुनाखालची मुकी वेळ

एका जंगलात एक खवल्या मांजर राहायचं आणि त्याला जुन्या बैठका फार आठवायच्या. नाव मांजर असलं तरी त्याला मिशा नव्हत्या, म्याव येत नव्हतं आणि दूधही आवडत नव्हतं. अंगभर खवले, लांब जीभ आणि तोंडात एकही दात नाही. मुंग्या खायला दात लागत नाहीत. भीती वाटली की ते अंगाचा गोळा करून पडून राहायचं आणि भीती त्याला रोजच वाटायची. सगळे त्याला नुसतं खवल्या म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

आता या बैठका कसल्या, ते आधी सांगायला हवं.

नदीकाठी एक अर्जुनाचं झाड होतं. त्याच्या सगळ्यात उंच फांदीला आग्या माश्यांचं मोहोळ लटकलेलं होतं, दोन सुपं जोडावीत एवढं मोठं. नदीच्या पलीकडे रानकुत्र्यांची टोळी होती. ही टोळी अलीकडे येत नसे, आणि न येण्याचं कारण ते मोहोळच. झाडावर चढून मोहोळ हलवणं एकट्या अस्वलकाकांना जमायचं. माश्या एकदा उठल्या की नदी ओलांडून पार टेकडीपर्यंत पाठलाग करतात, हे कुत्र्यांना पक्कं ठाऊक होतं.

अडचण एवढीच होती की माश्या अलीकडच्यांनाही सोडत नाहीत. चावण्याआधी कोण कुठल्या काठाचा हे त्या विचारत नाहीत. खवल्याच्या आजीच्या वेळी वरच्या डोहावर असंच एक मोहोळ उठलं होतं. तिथे अजूनही कोणी पाण्याला जात नाही. आजी ती गोष्ट सांगायला घ्यायची आणि मध्येच गप्प होऊन गोळा व्हायची. गोष्ट तिथेच संपायची. पण खवल्याला ती कळली होती.

म्हणून अलीकडच्या प्राण्यांनी एकजूट केली. बोलणं सुरू केलं गवामामांनी.

"काका, माश्या तुमच्याच हाताने उठणार, हे कबूल," ते म्हणाले. "पण मोहोळ लटकतंय माझ्या कुरणावर. पडलं तर माझ्या डोक्यात पडेल. मला विचारल्याशिवाय वर चढायचं नाही."

"चढणार मीच," अस्वलकाका म्हणाले. "पण विचारून चढेन."

"कोणाला विचारून?"

"सगळ्यांना."

हे बोलल्यावर काकांना लगेच पस्तावा झाला असावा. पण शब्द बाहेर पडला होता आणि ऐकायला बरेच जण होते. त्यात साळूमावशी होती, टिटवी होती आणि मुंग्या शोधत चुकून तिथे आलेला खवल्या होता. त्या दिवशी जे जे तिथे होते, ते ते एकजुटीत गेले. खवल्याला आपण सभासद झालो हे दुसऱ्या दिवशी कळलं.

साळूमावशीची गोष्ट जरा वेगळी होती. साळिंदराला स्वतःचे काटे असतात. ती म्हणाली, "मी तुमच्यातच आहे. संकट आलं तर पळून जाणार नाही. पण माझे काटे माझ्यापाशी आणि तुमचं मोहोळ तुमच्यापाशी. मोहोळाचा विषय निघाला की मी पाठ फिरवून बसणार. फराळाला मात्र येणार." सगळ्यांनी ते मान्य केलं. नाही म्हणायला तिच्या पुढ्यात जावं लागलं असतं, आणि ती पाठ फिरवून बसली होती.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपलं मत सांगायचं ठरलं. गवामामांनी सुरुवात केली. मध्येच त्यांचं रवंथ सुरू झालं. मामांचं रवंथ सुरू झालं की मत थांबायचं आणि रवंथ संपलं की कुठवर आलो होतो ते आठवायचं नाही. त्यांचं मत संपलं तेव्हा पलीकडच्या कुत्र्यांनी एक भेकर मारून, खाऊन, तोंडंही धुतली होती.

मग अस्वलकाकांनी नवी रीत काढली. प्रस्ताव काका मांडणार. मांडून झाला की सुरू होणार मुकी वेळ. अर्जुनाची सावली वाळूतल्या पांढऱ्या दगडाला टेकेपर्यंत कोणी आवाज काढला नाही, तर प्रस्ताव मंजूर. आणि कोणीही, अगदी कोणीही, हूं की चूं केलं तर प्रस्ताव मोडला. "म्हणजे भाषणं नकोत," काका म्हणाले. "नको असेल त्याने आवाज काढावा. हवं असेल त्याने गप्प बसावं. गप्प बसायला काय लागतं?"

काय लागतं ते टिटवीला माहीत नव्हतं.

खवल्याला ते दिवस अजून जसेच्या तसे दिसतात. दर पुनवेला, ऊन उतरायला लागलं की सगळे अर्जुनाखाली जमायचे. काका मोहाची फुलं आणायचे, त्यातली निम्मी वाटेत संपलेली असायची. गवामामा वाऱ्याच्या बाजूला बसायचे, त्यामुळे कोणाला वारा लागायचा नाही आणि कोणाला नदीही दिसायची नाही. साळूमावशी मोहाची फुलं खाऊन पाठ फिरवायची आणि तिचे काटे खुळखुळायचे. मग काका उभे राहायचे, नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "कुत्र्यांनी काल आपल्या पाण्यात पाय बुडवला आहे. तेव्हा मोहोळ हलवावं, असं मी मांडतो." पलीकडे कुत्री कान टवकारून बसायची. मुकी वेळ सुरू व्हायची. पान पडलं तरी ऐकू यावं एवढी शांतता. खवल्याच्या पोटात गोळा यायचा, मग खवल्याचाच गोळा व्हायचा.

आणि मग नदीच्या वाळूवरून, बैठकीला उशीर झालेली टिटवी उडत यायची. "टीऽटीव, टीव, टीव. सुरू झालं का रे? मला कोणी सांगितलं का नाही?"

प्रस्ताव मोडायचा. काका डोक्याला हात लावायचे. "बाई, तुमच्यामुळे," असं म्हणायचे आणि धपकन खाली बसायचे. ते किती हलकं होऊन बसायचे, हे फक्त खवल्याला दिसायचं, कारण तो जमिनीलगत होता. पलीकडे कुत्र्यांचा म्होरक्या उठून अंग झटकायचा आणि टोळी आपल्या वाटेने जायची. मग उरलेली फुलं खात गप्पा चालायच्या. मामा एखादी जुनी आठवण सांगायचे आणि मध्येच रवंथ करायचे. अशा कितीतरी पुनवा गेल्या. एकही प्रस्ताव मंजूर झाला नाही, एकही माशी उठली नाही आणि एकही कुत्रं अलीकडे आलं नाही.

पण हे फार चांगलं चाललंय, असं एका उन्हाळ्यात गवामामांच्या लक्षात आलं आणि त्यांना ते खटकलं.

त्याचं कारण कुत्री. पलीकडून त्यांचा म्होरक्या एकदा ओरडला होता, "मामा, मोहोळ अस्वलाचं की टिटवीचं?" आणि सगळी टोळी हसली होती. मामांनी तो अपमान बरेच दिवस चघळला. मग टिटवी नसताना त्यांनी विषय काढला.

"ते घाबरायचे कमी झालेत," मामा म्हणाले. "त्यांना वाटतं, आपला प्रस्ताव कधीच टिकत नाही. एकदा तरी मुकी वेळ शेवटपर्यंत जाते की काय, असं वाटायला हवं. अगदी सावली दगडाला टेकता टेकता मोडूया. पण या बाई सुरुवातीलाच बोंबलतात."

"मग शेवटी मोडायचा कोणी?" काकांनी विचारलं.

"मोडेल की कोणीतरी. आपण एवढे जण आहोत."

काकांना हे पटलं, कारण त्यांना वाटलं मामा मोडतील. मामांना वाटलं काका स्वतःच खोकतील. खवल्याला वाटलं की मोठे लोक आहेत, त्यांनी ठरवलंच असेल. साळूमावशीने पाठ फिरवली होती.

टिटवीला सांगितलं की येत्या पुनवेला तिने नदीच्या वरच्या वळणावर पहारा द्यायचा आहे, फार जबाबदारीचं काम आहे. टिटवीला कोणी कधी जबाबदारीचं काम दिलं नव्हतं. ती खूश झाली आणि मग एकदम घाबरली. ती खवल्याकडे आली.

"खवल्याभाऊ, माझी अंडी आहेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"तू उभा आहेस तिथून एक पाऊल मागे जा."

खवल्याने मागे पाहिलं. अर्जुनाखालच्या वाळूत, उघड्यावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती. टिटवी घरटं बांधत नाही. तिला वाटतं, एवढा आरडाओरडा केल्यावर आणखी बांधायचं कशाला.

"इथे? मोहोळाच्या बरोबर खाली?"

"जागा मोकळी होती," टिटवी म्हणाली. "का मोकळी आहे ते मी नाही विचारलं. हे बघ, दुपारचं ऊन त्यांना सोसत नाही. मी पोट ओलं करून येते आणि त्यांच्यावर बसते. पुनवेला मी नसेन. तू त्यांच्याभोवती गोळा करून बसशील? तुला तसंही गोळा करायचाच असतो."

"बसेन," खवल्या म्हणाला.

"आणि बैठकीत माझ्या जागी कोण ओरडणार आहे?"

"ते ठरलंय म्हणे."

"कोण?"

"कोणीतरी."

टिटवीने एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. पण तिला उशीर झाला होता, आणि ती उडाली.

पुनव आली. ऊन उतरलं. मोहाची फुलं झाली. खवल्या अंड्यांभोवती गोळा करून बसला होता. एक अंडं त्याच्या पोटाच्या मऊ भागाला लागून होतं आणि आतून मधूनमधून टकटक होत होती. सगळ्यांना वाटायचं की खवल्याला माश्यांची काय भीती, अंगावर खवले आहेत. पण पोटाला खवले नसतात, हे गोळा करणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि अंड्याला तर कुठेच नसतात.

काका उभे राहिले. "कुत्री काल आपल्याला हसली आहेत. तेव्हा मोहोळ हलवावं, असं मी मांडतो."

मुकी वेळ सुरू झाली.

सावली निघाली. पलीकडे कुत्री बसली होती. सगळे टिटवीची वाट बघत होते आणि टिटवी येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सावली वाळूवरून सरकली. काकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी काकांकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, म्हणजे, चला, खोका. काकांनी भुवया उडवल्या, म्हणजे, तुम्ही. मामांचं नेमकं तेव्हा रवंथ सुरू झालं, आणि मामा रवंथ आवाज न करता करतात, त्याचा त्यांना अभिमान होता. सावली दगडाजवळ आली. खवल्याला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. पाठ फिरवलेली साळूमावशी एवढी ताठ झाली होती की तिचा एक काटाही खुळखुळला नाही.

सावली दगडाला टेकली.

"मंजूर," गवामामांच्या तोंडून निघालं. मुकी वेळ संपल्यावर हे म्हणायचं काम त्यांचंच होतं. इतकी वर्षं वापरायला न मिळालेला शब्द होता तो. म्हटल्यावर त्यांचं रवंथ थांबलं.

पलीकडे कुत्र्यांचा म्होरक्या उभा राहिला. त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काय करायचं ते कळत नव्हतं. टोळीतली पिल्लं आयांच्या पोटाखाली शिरली.

"म्हणजे आता मी चढायचं?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

"मंजूर झालंय," मामा म्हणाले. "ते बघतायत."

"तुम्ही खोकला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्ही खोकाल. प्रस्ताव तुमचा होता."

"माझा होता म्हणूनच तर मी कसा मोडणार?"

"मग आता?"

"आता काय," काका म्हणाले आणि झाडाकडे निघाले. अस्वल झाडावर सरसर चढतं. त्या दिवशी काका असे चढत होते की खोडाची साल मोजत चालले आहेत असं वाटावं. मध्येच थांबून ते पंजे चाटायचे. मध्येच एखादं पान नीट लावून ठेवायचे. तरी ते वर वर जात होते, कारण खाली उतरायची रीत कोणी काढलेली नव्हती. मोहोळातून हलकी गुणगुण यायला लागली होती.

खवल्याच्या पोटाला टकटक झाली.

खवल्या आजवर एकाही बैठकीत बोलला नव्हता. त्याचा आवाज कसा आहे हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. त्याने गोळा थोडा सैल केला, तोंड बाहेर काढलं आणि दात नसलेल्या तोंडाने म्हणाला, "टिफ्फीव."

सगळे थांबले. काका एका फांदीवर थांबले, आणि त्यांचे कान खाली वळले.

"मला ऐकू आलं," काका वरून घाईने म्हणाले. "मोडली. टिटवीबाई आल्या."

"बाई नाहीत," मामा म्हणाले. मामा सरळमार्गी होते आणि सरळमार्गी प्राण्याला वेळेचं भान नसतं. "खवल्या बोलला. एक तर त्याचा आवाज टिटीव नाही. रीत अशी आहे की ज्याने त्याने आपलाच आवाज काढायचा. दुसरं, सावली दगड ओलांडून गेली. वेळ संपल्यावरचा आवाज धरत नाहीत."

"धरू की एखाद्या वेळी," काका वरून म्हणाले.

"मग कुत्रीही म्हणतील, यांच्यात काहीही चालतं."

खवल्याने मान खाली घातली. त्याला अंग दुमडून आत जायचं होतं, पण आत अंडी होती. त्याने फक्त शेपूट आणखी जवळ घेतली आणि अंड्यांना म्हणाला, "मी बोललो रे. नाही धरलं त्यांनी."

तेव्हा त्याच्या पोटाशी काहीतरी तडकलं. एका अंड्याला बारीकशी चीर पडली, आणि त्या चिरेतून, चोच बाहेर यायच्याही आधी, स्पष्ट आवाज आला.

"टीऽटीव."

सगळ्यांनी वाळूकडे पाहिलं.

"हा टिटवीचाच आवाज आहे," काका वरून म्हणाले. "आता यात काही शंका?"

"आवाज बरोबर आहे," मामा म्हणाले. "पण अंडं सभासद आहे का?"

"आई सभासद आहे. अंडं आईचं आहे."

"तेही धरू. पण वेळेचं काय? सावली गेली ती गेली."

इथे साळूमावशी बोलली. इतक्या वर्षांत मोहोळाच्या विषयावर ती पहिल्यांदा बोलली, आणि तेही पाठ फिरवलेली तशीच ठेवून. "माझा मोहोळाशी काही संबंध नाही," ती म्हणाली. "मी आपलं सहज विचारते. तुमची मुकी वेळ कधी सुरू होते?"

"काकांनी मांडल्यापासून," मामा म्हणाले.

"ज्याने ऐकलं त्याची. हे पोर तेव्हा अंड्यात मिटून होतं. त्याला कोणी मांडून दाखवलं? त्याचे कान आत्ता उघडलेत. म्हणजे त्याची मुकी वेळ आत्ता सुरू झाली, आणि सुरू होताच त्याने ती मोडली. अगदी आईसारखी. बघा बाई तुमचं तुम्ही. मी मधे पडत नाही." आणि तिने काटे एकदा खुळखुळवले.

गवामामांनी विचार केला. रवंथ न करता विचार करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. मग त्यांनी नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मोडली."

काका झाडावरून इतक्या वेगाने उतरले की शेवटचा टप्पा ते उतरलेच नाहीत, पडले. पण हसत पडले. पलीकडे कुत्र्यांच्या म्होरक्याने अंग झटकलं आणि टोळीला म्हणाला, "टिटवी ओरडली. चला, आज पण नाही." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते अलीकडे ऐकू आलं.

संध्याकाळी वळणावरून टिटवी परतली. लांबूनच तिचा आरडाओरडा सुरू होता. "काय झालं? कोण ओरडलं?"

"तुझा मुलगा," खवल्या म्हणाला.

"तो अजून बाहेर आला नाही."

"हो. पण बैठकीला वेळेवर आला. तेवढं तुझ्यावर गेलेलं नाही."

त्यानंतर टिटवीला पुन्हा कोणी पहाऱ्यावर पाठवलं नाही. पण मामा सरळमार्गी असल्यामुळे एक नवी रीत निघाली. मोहोळाचा प्रस्ताव असेल तर गप्प बसणं म्हणजे हो धरायचं नाही. प्रत्येकाने तोंडाने हो म्हणायचं, आणि त्या वेळी काठावर जी जी अंडी असतील त्यांनाही विचारायचं आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबायचं. काठावर अंडी नाहीत असा एकही महिना जात नसे. एक फुटली की दुसरी तयार असायची. काका दर पुनवेला प्रस्ताव मांडायचे, मग सगळे वाळूत वाकून अंड्यांना कान लावायचे, आणि कुत्री पलीकडून मोठ्या आदराने बघत राहायची. त्यांना वाटायचं, हे काहीतरी नवीन हत्यार आहे.

पुढे एका वर्षी माश्याच निघून गेल्या. आग्या माश्या अशा जातात. एक दिवस सगळं मोहोळ सोडून त्या दुसऱ्या जंगलात गेल्या. त्यांनी कोणाला विचारलं नाही. फांदीला नुसतं मेणाचं वाळकं पान लटकत राहिलं. कुत्री अलीकडे आली नाहीत, कारण त्यांना तोवर न येण्याची सवय झाली होती.

खवल्या आता म्हातारा झाला आहे. काका नाहीत, आणि मामांचं कुरण त्यांची नातवंडं चरतात. तरी पुनवेला, ऊन उतरायला लागलं की तो अर्जुनाखाली जाऊन बसतो. पांढरा दगड तिथेच आहे. मोहाची फुलं कोणी आणत नाही, वाऱ्याच्या बाजूला कोणी बसत नाही, त्यामुळे नदी अगदी पूर्ण दिसते. त्याला ते आवडत नाही. सावली वाळूवरून निघते. सगळीकडे शांत असतं. खवल्याच्या पोटात जुना गोळा येतो, आणि त्याला बरं वाटतं.

मग वाळूवरून ती येते. त्या वर्षी अंड्यातून बोललेल्या पोराची पोर, किंवा तिची पोर, त्याला आता नेमकं लक्षात राहत नाही. बैठक नसते, तरी तिला उशीर झालेला असतो.

"टीऽटीव, टीव, टीव. सुरू झालं का रे आजोबा?"

"मोडलं बघ," खवल्या म्हणतो आणि समाधानाने मुंग्या शोधायला जातो.

तात्पर्य : जी गोष्ट उठली की सगळ्यांनाच चावणार, तिच्याबाबत कोणी गप्प बसला म्हणून तो हो म्हणाला असं धरू नये, आणि विचारायचंच असेल तर जे अजून अंड्यात आहेत त्यांनाही विचारावं, मग उत्तर यायला कितीही वेळ लागो.